टाळ चालू ठेवावा अशी एक तक्रार

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात दिंडीकरी मंडळींपुढे झालेले भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. दोन दिवसांपासून इथे पुष्कळ जुन्या गोष्टी निघाल्या. दिंडी कुणी काढली, पहिल्या वर्षी शिधा कुणाच्या बैलगाडीत होता, कोणत्या साली वाटेत पावसाने गाठलं, सगळं ऐकून मन भरलं. समितीने आम्हाला सांगितलं, ‘आबा, तुम्ही नादावर बोला.’ त्यांना वाटलं असेल, म्हातारा नादब्रह्मावर चार शब्द सांगेल. पण तेवढी आमची पोच नाही, आणि त्यासाठी रात्रीचं कीर्तन आहेच. आम्ही बोलणार आहोत ते साध्या आवाजावर. मृदंगातून निघतो त्या, कर्ण्यातून निघतो त्या आणि कानाला बाधतो त्याही.

सुरुवात समाजआरतीपासून करतो. वारीला जाणाऱ्याला हे सांगायला नको, पण इथे पहिल्यांदा आलेली पोरंही आहेत. माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार आपला चोप वर करतात आणि सगळा तळ शांत होतो. एवढा जनसमुदाय एका दंडाच्या इशाऱ्यावर गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, त्याचा निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या पालखी कधी निघणार ते सांगतात आणि आरती होते.

आम्हाला ही रीत फार मोठी वाटते. आवाज कधी करायचा आणि कधी थांबवायचा, दोन्ही गोष्टी आपल्या संप्रदायाला ठाऊक आहेत. आज चोप वर झाला आहे असं समजा, आणि आम्ही एकटे टाळ वाजवत उभे आहोत. आमची तक्रार आहे. ती दुसऱ्या कुणाबद्दल नाही, आपल्याच दिंडीबद्दल आहे, आणि त्यातली निम्मी आमच्या स्वतःबद्दल आहे.

आवाज म्हणजे थरथर

पहिल्यांदा आवाज म्हणजे काय ते बघू. मृदंगाच्या पुडीवर चिमूटभर रवा टाका आणि हलकी थाप मारा. रवा उडतो, इकडून तिकडे सरकतो. पुडी थरथरते म्हणून उडतो. ती थरथर शेजारच्या हवेला ढकलते, ती हवा पुढच्या हवेला, आणि ढकलाढकल करत ती आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. पडदाही तसाच थरथरतो. हवा स्वतः मृदंगापासून कानापर्यंत चालत येत नाही. नुसता धक्का येतो, जशी आरतीच्या गर्दीत मागून रेटा येतो पण माणूस जागीच असतो.

सेकंदाला किती वेळा थरथर होते त्यावर आवाज जाड की बारीक ते ठरतं. धडधाकट तरुण माणसाच्या कानाला सेकंदाला 20 पासून 20,000 पर्यंतची कंपनं कळतात. मृदंगाची धूम खालच्या अंगाला, टाळाची खणखण वरच्या अंगाला. वीणेची तार घ्या. नुसती तार छेडली तर तिचा आवाज शेजारच्यालाही जाणार नाही, कारण ती बारीक तार हवेला ढकलून ढकलणार किती? ती आपली थरथर भोपळ्याला देते, भोपळा अंगाने मोठा, तो हवा हलवतो. म्हणून वीणा ऐकू येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे जनरेटरच्या वेळी लागणार आहे.

मृदंगाबद्दल एक अभिमानाची गोष्ट सांगतो. नुसतं चामडं ताणून वाजवलं तर धबधब आवाज येतो, त्यात सूर सापडत नाही. कारण ताणलेल्या कातड्यातून एकाच वेळी अनेक कंपनं निघतात आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो. आपल्या कारागिरांनी काय केलं, पुडीच्या मध्यावर शाई भरली, थरावर थर देऊन घोटली. मध्ये वजन आलं आणि ती कंपनं एकमेकांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा हिशेबात येऊन बसली. म्हणून मृदंग सुरात लागतो. हे कुणी शोधलं असेल तर सर सी. व्ही. रामन यांनी, ज्यांना पुढे 1930 मध्ये नोबेल मिळालं. मृदंग आणि तबला यांच्यावर त्यांनी 1920 साली लिहिलं आणि पुढे 1934 च्या सुमाराला सविस्तर लिहिलं. त्यांनीही पुडीवर बारीक वाळू टाकूनच ती कशी थरथरते ते पाहिलं होतं. ज्या कारागिराने पहिल्यांदा शाई भरली त्याला हे गणित येत नव्हतं. त्याला कान होता. दुसऱ्या तोंडाला आपण ओली कणीक लावतो तीही त्यासाठीच. वजन वाढलं की कंपनं मंदावतात आणि धूम खाली उतरते. कणीक वाळली की धूम चढते, हे आपल्या मृदंगमण्यांना पुस्तक न वाचता कळतं.

मागच्या रांगेचा टाळ का चुकतो

आपल्या दिंडीत एक जुनं भांडण आहे. पुढचे म्हणतात मागचे ठेका सोडतात, मागचे म्हणतात पुढचे पळतात. कितीतरी वर्षं आम्हीही मागच्यांवर ओरडलो. मग एकदा हिशेब केला आणि लाज वाटली.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शेतकरी माणसाला हे माहीत असतं. वीज चमकल्यावर तीन आकडे मोजून गडगडाट आला तर वीज सुमारे एक किलोमीटरवर पडली. आता आपली दिंडी चालताना 60-70 मीटर लांब होते. पुढचा टाळ मागच्याच्या कानी पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. द्रुत लयीत सेकंदाला चार-पाच ठोके पडतात. म्हणजे पुढच्याचा एक ठोका मागच्याला ऐकू येतो तेव्हा पुढचा माणूस पुढच्या ठोक्यावर गेलेला असतो. मागचा बिचारा जे ऐकतो त्याच्याशी इमानाने वाजवतो, आणि आपण त्याला बेताल म्हणतो!

जुन्या माणसांनी यावर उपाय करून ठेवला होता. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, मागे वीणेकरी, त्यांच्या मागे तुळशीवाल्या माउल्या. मृदंग टाळकऱ्यांच्या मधोमध असला की कुठलाच टाळकरी त्याच्यापासून फार लांब राहत नाही. आपण काय केलं? टेम्पोवर कर्णा बांधला आणि तो दिंडीच्या एका टोकाला ठेवला. आता कानाला दोन मृदंग ऐकू येतात, एक जवळचा खरा आणि एक लांबून उशिरा येणारा. मग ताल जुळत नाही म्हणून कर्ण्याचा आवाज वाढवतो. त्याने उशीर थोडाच कमी होणार? तो अंतराचा आहे. आवाज वाढवला तर उशिरा येणारा ठोका आणखी जोरात येतो, एवढंच.

डेसिबलचा हिशेब

आवाज मोजायचं माप म्हणजे डेसिबल. त्याचा हिशेब शेर-पायलीसारखा सरळ नाही. 10 डेसिबल वाढले म्हणजे ताकद दहापट झाली. 20 वाढले म्हणजे शंभरपट. ताकद दुप्पट केली तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात, आणि तेवढी वाढ कानाला नीट जाणवतही नाही. आवाज दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. म्हणून शेजारच्या दिंडीने 100 वॅटचं यंत्र आणलं की आपण 200 चं आणतो, आपलं कुणाला जास्त ऐकू येत नाही, पैसे मात्र जातात. मग ते 400 चं आणतात. ही चढाओढ कुणी जिंकत नाही.

उघड्यावर आवाज उतरतो कसा तेही बघा. एका कर्ण्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की सुमारे 6 डेसिबल कमी होतात. समजा कर्ण्यापासून एका मीटरवर 100 डेसिबल आहे. दोन मीटरवर 94, चारवर 88, आठवर 82, सोळावर 76 आणि बत्तीसवर 70. बत्तीस मीटरवरच्या माणसाला कीर्तन स्पष्ट ऐकू जावं म्हणून पुढे बसलेल्या पोरांच्या कानावर आपण 100 डेसिबल सोडतो.

आणि कान किती सोसतो? कारखान्यातल्या कामगारांसाठी तज्ज्ञांनी एक हिशेब सांगितला आहे. 85 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास. तिथून पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. 88 ला चार तास, 91 ला दोन तास, 94 ला एक तास, 97 ला अर्धा तास, आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. आपलं कीर्तन चालतं दोन-अडीच तास. मापनयंत्र नसेल तर एक साधी खूण सांगतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला की समजा, 85 च्या आसपास गेलो.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला साधारण 15-16 हजार ऐकणाऱ्या पेशी, त्यांच्या टोकाला बारीक केस. उभ्या पिकासारखे ते आवाजाच्या झोताबरोबर हलतात. वारा बेताचा असेल तर पीक पुन्हा उभं राहतं, वादळ झालं तर आडवं पडतं. फरक एवढाच की शेतात पुढच्या वर्षी नवं पीक येतं. ह्या पेशी माणसाला जन्मात एकदाच मिळतात. मेल्या की परत उगवत नाहीत.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आम्ही ऐन उमेदीची वर्षं एका कारखान्यात प्रेसवर काढली. कानात कापसाचे बोळे घालायचो. पुढे कळलं, साध्या कापसाने जवळजवळ काहीच अडत नाही. त्यासाठी नीट बसणारे फोमचे बोळे किंवा कानावरची झाकणं लागतात. सुट्टी मिळाली की आम्ही वारीला, तिथे कर्ण्याच्या टेम्पोशेजारची जागा आमची ठरलेली. एक दिवस डॉक्टरांनी कान तपासला आणि आलेख दाखवला. जाड आवाजाकडे रेघ ठीक होती, 4,000 कंपनांच्या आसपास मोठा खड्डा. ते म्हणाले, गोंगाटाने गेलेल्या कानाची ही खूणच असते.

लोकांना वाटतं बहिरा म्हणजे ज्याला काहीच ऐकू येत नाही. तसं नसतं. आम्हाला आवाज येतो, शब्द येत नाही. अक्षरातला स्वर खालच्या अंगाचा असतो, तो पोचतो. स, श, त, ठ, फ यांची खरखर वरच्या अंगाची, ती निसटते. नात म्हणते ‘सात वाजले’, आम्हाला ऐकू येतं ‘आत वाजले’. घरात हसतात, आम्हीही हसतो. पण कीर्तनात बसल्यावर हसू येत नाही. बुवा जीव तोडून सांगत असतात, लोक माना डोलावत असतात, आणि आमच्यापर्यंत नुसता घोष येतो, अर्थ येत नाही. जन्मभर ज्या नामासाठी चाललो त्यातलं व्यंजन आम्हाला ऐकू येत नाही. तोंडाने घेतो म्हणून कळतं.

त्या घराची ओसरी

आता निम्मी तक्रार, आमच्याबद्दलची.

वाटेवर एक घर आहे. गावाचं नाव सांगत नाही, जुन्यांना कळेल. त्या घराने तीन पिढ्या आपल्या दिंडीला ओसरी दिली. रात्री पिठलं-भाकरी, पहाटे अंघोळीला गरम पाणी. एका वर्षी आपण पहिल्यांदा जनरेटर आणि दोन कर्णे नेले होते. केवढी हौस! एक कर्णा त्या घराच्याच भिंतीला टांगला. रात्री घरधनी हात जोडून आले. म्हणाले, ‘लेक बाळंत झालीय, आठ दिवसांचं पोर आहे. कर्णा तेवढा दुसऱ्या अंगाला फिरवा.’ त्यांना उत्तर देणारे आम्हीच. आम्ही म्हणालो, ‘देवाचं नाव कानावर पडतंय, पोराचं भाग्यच म्हणायचं की!’ ते काही बोलले नाहीत. पहाटे चारला काकडा सुरू झाला, कर्णा होता तिथेच होता.

पुढच्या वर्षी गेलो. ओसरी झाडलेली, पाण्याचे हंडे भरलेले, आणि दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, मळ्यात राहायला गेलेत दोन दिवस. त्यांनी आपल्याला हाकललं नाही. पाणी भरून ठेवलं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

दिवाळीनंतर आम्ही दोघं-तिघं मुद्दाम गेलो, पाय धरले. ते म्हणाले, ‘देवावर राग नाही हो आबा. पोरगं दचकून दचकून रडत होतं. तुम्ही भिंतीपलीकडेच होता, आणि तुम्हाला ते ऐकू येत नव्हतं.’

खरंच ऐकू येत नव्हतं. कान गेला होता म्हणून, का कर्णा चालू होता म्हणून, ते पांडुरंगाला ठाऊक. पण भिंतीपलीकडचं लेकरू रडतंय आणि वारकऱ्याला ऐकू येत नाही, एवढा आवाज कशासाठी करायचा? त्या वर्षापासून त्या मुक्कामाला आपण काकडा तोंडाने करतो. दार पुन्हा उघडलं. ते पोरगं आता मोठं झालंय, मागच्या वारीत चार मुक्काम टाळ घेऊन आपल्याबरोबर चाललं.

स्लॅबचं देऊळ

दुसरी गोष्ट देवळाची. गावोगावी आपण जुने लाकडी सभामंडप पाडले आणि स्लॅबचे बांधले, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीला चकचकीत टाइल. दिसायला छान. पण कीर्तन कळेना! बुवा ‘विठ्ठल’ म्हणतात तो पहिला ‘विठ्ठल’ भिंतींवर आपटत फिरत असतो तोवर पुढचे चार शब्द येऊन त्यात मिसळतात. मग कुणीतरी म्हणतं, आवाज वाढवा. वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं.

असाच प्रसंग अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठावर 1895 साली आला होता. नवा व्याख्यानाचा हॉल बांधला आणि त्यात बोललेलं कुणाला समजेना. एक शब्द उच्चारला की तो पाच सेकंदांहून जास्त घुमत राही. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम दिलं. त्यांनी काय करावं? जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. अशा रात्री जागवून त्यांनी नियम काढला. खोली जेवढी मोठी तेवढा आवाज जास्त घुमतो, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढा कमी घुमतो.

आपल्या देवळाला तो लावून बघू. समजा 15 मीटर लांब, 10 मीटर रुंद, 5 मीटर उंच. रिकामं, दारं लावलेलं, सगळीकडे सिमेंट आणि टाइल. आवाज विरायला सात सेकंदांच्या आसपास लागतात. तिथे शंभर माणसं बसवा. बसलेला एक माणूस सुमारे अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज पितो. वेळ दोन सेकंदांवर येते. म्हणजे भरलेल्या देवळात कीर्तन बरं का वाटतं, ते कळलं ना? पण सप्ताहात दुपारच्या प्रवचनाला वीसच माणसं असतात, आणि तेव्हाच म्हाताऱ्यांना काही समजत नाही. यावर उपाय महागाचा नाही. खाली जाड सतरंज्या, मागच्या भिंतीला भिंतीपासून वीतभर सोडून घोंगड्या किंवा चुण्या घातलेले जाड पडदे, वरच्या खिडक्या उघड्या. हार्वर्डच्या गाद्या आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांना आपण घोंगडी म्हणतो.

एक घोटाळा मात्र टाळा. घोंगडी आतलं घुमणं कमी करते, आवाज बाहेर जायचा थांबवत नाही. त्याला वजन लागतं, जाड भिंत, फट नसलेलं दार. आणि जाडाभरडा धम-धम आवाज तर भिंतीलाही फारसा जुमानत नाही. म्हणून लांबच्या मिरवणुकीतलं गाणं कळत नाही, पण छातीत आणि खिडकीच्या काचेत ढोल वाजतो.

कायदा आणि आपण

2000 साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा 50, रात्री 40. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2005 मध्ये यावर सविस्तर निकाल दिला.

मंडळी विचारतात, मग काकडा कसा करायचा? काकडा कुणी बंद केलेला नाही. कर्णा बंद केला आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या मूळपुरुषांनी काकडा केला तेव्हा कुठे कर्णा होता? पहाटेच्या शांततेत एक वीणा आणि चार गळे गावभर पुरत होते.

मागणं

आता निवाड्यासाठी आमचं मागणं मांडतो. आवाज तीन ठिकाणी आवरता येतो, निघतो तिथे, वाटेत आणि कानाशी. त्यातलं पहिलं ठिकाण सगळ्यात स्वस्त.

एक. चालत्या दिंडीत कर्णा नको. मृदंग मधोमध, आणि टाळकऱ्याने जवळच्या मृदंगाकडे कान ठेवावा. लांबचं ऐकून वाजवू नये.

दोन. मुक्कामाच्या मंडपात एका मोठ्या कर्ण्याऐवजी चार-सहा लहान पेट्या, लोकांच्या जवळ, तोंड खाली लोकांकडे केलेल्या. मागच्या पेट्यांचा आवाज जरा उशिरा सोडायची सोय हल्लीच्या यंत्रांत असते, ती वापरायला सांगावी. पेटीसमोर पाच मीटरच्या आत लेकरं बसवू नयेत. माइकवाला पेटीच्या पुढे गेला की शिट्टी वाजते. पेटीतून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो म्हणून ती वाजते. माइक पेट्यांच्या मागे आणि तोंडाजवळ असावा.

तीन. जनरेटर टेम्पोच्या पत्र्यावर चालवू नये. वीणेचा भोपळा आठवा. पत्रा तेच काम करतो, यंत्राची थरथर घेऊन सगळीकडे पसरवतो. जमिनीवर उतरवून खाली जुन्या टायरचे जाड तुकडे ठेवावेत, वस्तीपासून लांब, मध्ये भिंत येईल असा. पण बंद खोलीत कधीही नाही, त्याचा धूर जीव घेतो.

चार. टाळ छातीच्या खाली धरावा, शेजारच्याच्या कानाशी नको. शेजारी लहान पोर असेल तर जास्तच जपावं. मधूनमधून कानाला विसावा द्यावा.

पाच. ज्या घरात उतरू तिथे आधी विचारावं, घरात आजारी, बाळंतीण, परीक्षेचं पोर कुणी आहे का? आणि त्यांनी हात जोडायची वेळ येऊ देऊ नये.

आणि शेवटचं. शताब्दीनिमित्त एका भाविकांनी दिंडीला मोठा स्पीकरसंच द्यायचं मनात आणलं आहे. ते समोरच बसले आहेत. त्यांची श्रद्धा मोठी आहे, आणि त्यांच्यापुढे हे बोलताना आमची जीभ जड होते आहे. माउली, तुमचं दान आम्हाला हवं आहे, ते दुसऱ्या रूपात द्या. दोन मृदंगांना नव्या पुड्या लागतात. देवळाला पडदे आणि सतरंज्या लागतात. आणि जमलं तर वारीला निघण्याआधी सगळ्या दिंडीकऱ्यांचे कान एकदा तपासून द्या. आमच्यासारखा आलेख कुणाचा निघाला तर त्याला वेळेवर कळेल. आम्हाला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही.

टाळ बराच वेळ वाजवला. तक्रार सांगून झाली, आता आम्ही टाळ खाली ठेवतो. निवाडा उद्याच्या बैठकीत तुम्ही करायचा. हळू बोललात तरी चालेल, फक्त आमच्याकडे तोंड करून बोला.

रामकृष्णहरी!